खर्ड्याचा पोवाडा आणि आजचे शाहीर

पोवाडा आज महाराष्ट्रात भरपूर ऐकू येतो. १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीला, गावोगाव डफ घुमतो, शाळेच्या स्नेहसंमेलनात एक तरी पोवाडा ठरलेला असतो आणि स्वच्छता असो की लसीकरण, सरकारी खात्यांना लोकांपर्यंत पोचायचं असलं की शाहीर आठवतो. तरीही ही कला आतून खंगत चालली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आवाजात, पवित्र्यात, फेट्याच्या तुऱ्यात काही उणं नाही. उणं आहे ते कथेत. आजच्या पोवाड्यातल्या वीराची कसोटी लागतच नाही. पहिल्या चौकातच तो जिंकलेला असतो.

जुन्या शाहिरांकडे असं नव्हतं. तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा घ्या. त्यात जिजाऊ आणि शिवाजीराजे फाशांचा डाव मांडतात, त्या डावावर गड मागितला जातो आणि रायबाच्या लग्नाच्या गडबडीत असलेल्या तानाजीला निरोप येतो. एका बाजूला बापाचं कर्तव्य, दुसरीकडे धन्याचा शब्द. पुढे कड्यावर घोरपड चढायला तयार होत नाही, आणि तो अपशकुन आहे हे सगळ्यांना कळतं. तानाजी तो ओळखूनही वर जातो. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो नेमका इथे, तलवारीच्या खणखणाटाच्या कितीतरी आधी. आता स्पर्धांत मिळणाऱ्या मोजक्या मिनिटांत हाच भाग गाळला जातो. लग्न, डाव, घोरपड जाते आणि उरते ती कापाकापी.

अहिल्यानगर जिल्ह्याकडे या दृष्टीने पाहिलं तर हळहळ वाटते, कारण या कलेचा एक मोठा धनी याच मातीतला. अनंत फंदी संगमनेरचा. जन्म १७४४, मृत्यू १८१९. मूळ आडनाव घोलप. मलिक फंदी नावाच्या फकिराशी दोस्ती झाली आणि ‘फंदी’ हेच नाव कायमचं चिकटलं. आधी तमाशात रमलेला हा माणूस अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून कीर्तनाकडे वळला, अशी परंपरा आहे. शाळेत मुलं त्याचा फटका शिकतात आणि बहुतेकांची त्याच्याशी ओळख तिथेच संपते. पण त्याने खर्ड्याच्या लढाईवर पोवाडा रचला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

खर्डा जामखेड तालुक्यात. अहिल्याबाईंचं जन्मगाव चोंडीही याच तालुक्यातलं. ११ मार्च १७९५ रोजी निजामअली आणि मराठे इथे समोरासमोर आले. नाना फडणीसांची आखणी, परशुरामभाऊ पटवर्धनांचं सेनापतिपद, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले असे सगळे सरदार एका बाजूला. रात्री निजामाच्या फौजेत घबराट पसरली, तो खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला आणि कोंडला गेला. शेवटी दौलताबादसह मोठा मुलूख आणि सुमारे तीन कोटी रुपये देण्याचं कबूल करून त्याने तह केला. मराठे सरदार सगळे मिळून लढल्याचा हा शेवटचा प्रसंग.

या विजयानंतरची एक हकिकत इतिहासकार ग्रँट डफने नोंदवली आहे. विशीतला पेशवा सवाई माधवराव उदास बसला होता. कारण विचारल्यावर तो म्हणाला, मोगलांनी (म्हणजे निजामाच्या लोकांनी) इतकी लाजिरवाणी शरणागती पत्करावी आणि आमच्या शिपायांनी विनासायास मिळालेल्या जयाची फुशारकी मारावी, यात दोन्ही बाजूंची घसरण दिसते. हकिकत शब्दशः खरी असो वा नसो, मला ती कोणत्याही तोफेपेक्षा मोलाची वाटते. जिंकलेल्या पेशव्याला आपल्या जयाची शंका यावी, याहून मोठी मर्दानी कथा कुठली? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शनिवारवाड्यात पडून तो गेला. आणि खर्ड्याचा जय गाणाऱ्या फंदीनेच ‘माधवनिधन’ हे ओवीबद्ध काव्य लिहिलं. एकाच शाहिराने जय गायला आणि निधनही गायलं. जुन्या पोवाड्यांत पानिपत आहे, नारायणराव पेशव्यांचा खून आहे. हार आणि कलंक गाताना त्या माणसांची जीभ अडखळली नाही.

युरोपातल्या मध्ययुगीन सरदारकथांतही हेच दिसतं. चौदाव्या शतकातल्या एका इंग्रजी काव्यात गवेन नावाचा शूर सरदार दिलेला शब्द पाळायला मृत्यूच्या दारात जातो, पण जीव वाचवणारा एक पट्टा लपवून ठेवतो. दरबार त्याला हसून माफ करतो. तो स्वतःला माफ करत नाही. सहाशे वर्षांनंतरही लोक ते काव्य वाचतात ते या लपवलेल्या पट्ट्यासाठी.

पोवाड्याला नवा विषय पेलत नाही, असं म्हणायला जागा नाही. अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला आणि तो मुंबईच्या कामगारांनी आपला मानला. अमर शेखांच्या डफाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा पेटवल्या. मग याच जिल्ह्यातल्या अहमदनगरच्या किल्ल्यातली चांदबिबी शाहिराच्या वाट्याला का येऊ नये? १५९५ च्या अखेरीस मोगल शहजादा मुरादच्या फौजेने वेढा घातला, सुरुंगाने तट फुटला, ती स्वतः खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट बांधून काढला. पण खरी कसोटी पुढे, १६०० मध्ये. किल्ला टिकणार नाही हे ओळखून ती तहाची बोलणी करू लागली आणि तिच्याच माणसांनी फितूर म्हणून तिला मारलं. शौर्य कशाला म्हणायचं, लढत राहण्याला की माणसं वाचवण्याला, हा प्रश्न यात उघडा पडतो. झीलकऱ्यांच्या ‘जी जी’लाही इथे क्षणभर थांबावं लागेल.

आज पाठीमागे रेकॉर्ड केलेला ठेका वाजतो, झीलकरी कमी होतात, मधलं गद्य निवेदन कापलं जातं. हे सारं एक वेळ चालेल. वीराला घाबरण्याची, चुकण्याची, हरण्याची मुभा न देणं मात्र चालणार नाही. स्पर्धांच्या संयोजकांनी वेळ वाढवावा आणि परीक्षकांनी आवाजाइतकेच गुण कथेला द्यावेत. जामखेडकरांनी येत्या ११ मार्चला खर्ड्याच्या किल्ल्यात फंदीचा पोवाडा पूर्ण गाऊन घ्यावा आणि त्याच बैठकीत ‘माधवनिधन’ही वाचावं.