बाहुल्याचा आवाज कोणाचा?

धाराशिव जिल्ह्यांतील तेर या गांवीं हस्तिदंताची एक चिमुकली स्त्रीमूर्ति सांपडली. ती तेथील लामतुरे संग्रहालयांत आहे. पाँपेई नगरीच्या अवशेषांत १९३८ सालीं मिळालेल्या हस्तिदंती भारतीय मूर्तीशीं तिचें साम्य विद्वानांनीं दाखविल्यापासून तिच्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. ती कोणीं घडविली हें कोणास ठाऊक नाहीं, आणि ती कोणाची असा तंटाहि कोणी मांडीत नाहीं. मुकी बाहुली या बाबतींत मोठी सुखी असते. ती बोलूं लागली कीं मात्र तिला घडविणारा, तिच्या तोंडीं शब्द घालणारा आणि मोल देऊन तिला विकत घेणारा असे तीन धनी उभे राहतात. आणि ते तिघे एका घरचे नसले तर भांडण अटळ होतें.

असें एक भांडण अमेरिकेंत २०१७ च्या जुलैंत चव्हाट्यावर आलें. जिम हेन्सन या कलावंतानें १९५५ सालीं आईच्या जुन्या कोटाचें कापड आणि पिंगपाँगच्या चेंडूचे डोळे घेऊन एक बाहुलें केलें. तेंच पुढें कर्मिट नांवाचा हिरवा बेडूक होऊन जगभरच्या मुलांचें सोबती झालें. १९९० च्या मे महिन्यांत हेन्सन अकस्मात वारले. त्यांच्या मंडळींत १९७८ पासून असलेले स्टीव्ह व्हिटमायर यांच्याकडे कर्मिट आला, आणि पुढें सुमारें सव्वीस वर्षें तो त्यांच्याच हातावर बोलला. मध्यंतरीं, २००४ सालीं, हें बाहुल्यांचें कुटुंब डिस्ने कंपनीनें विकत घेतलें होतें. २०१६ च्या ऑक्टोबरांत कंपनीनें व्हिटमायर यांस काढून टाकलें. लोकांना तें कळलें नऊ महिन्यांनीं. कंपनीनें कारण दिलें तें कामकाजांतील वारंवार घडलेल्या अनुचित वर्तनाचें, आणि हेन्सन यांच्या मुलांनीं कंपनीचीच बाजू उचलून धरली. व्हिटमायर यांचें म्हणणें असें, कीं पात्राच्या स्वभावाविषयीं आपण स्पष्टपणें मतें सांगत होतों, शिवाय कलावंतांच्या संघासंबंधींचा एक मतभेद होता, आणि तेंच नडलें.

रसिकांत अर्थातच दोन तट पडले. ज्यांचें बालपण १९९० नंतर गेलें, त्यांना हेन्सन यांचा कर्मिट हा जुन्या चित्रफितींतील पूर्वज. त्यांचा स्वतःचा कर्मिट व्हिटमायर यांचा. ‘आमचा बेडूक आमच्यापासून हिरावला’ असा त्यांचा आक्रोश. दुसऱ्या तटाचें म्हणणें असें, कीं व्हिटमायर यांचा आवाज पहिल्यापासून उसनाच होता. उसनी वस्तु धन्यानें परत मागितली तर रडायचें कशाला? या वादांतील पुष्कळसें श्रम दोन आवाज सोनाराच्या कांट्यावर तोलण्यांत खर्चीं पडले. कोणाचा स्वर अधिक घोगरा, कोणाचा हेन्सनशीं अधिक जुळता, यावर पानेंच्या पानें लिहिलीं गेलीं. हाच कांटा १९९० मध्यें व्हिटमायर यांच्यापुढेंहि धरला गेला असणार, हें त्यांचे कैवारी विसरले.

आम्हांस हा सारा वाद वाट चुकलेला वाटतो, आणि त्याचें कारण दाखविण्यास आपल्या घरचेंच उदाहरण पुरेसें आहे. महाराष्ट्रांतील बोलक्या बाहुल्यांचा विचार अर्धवटरावांवांचून होऊंच शकत नाहीं. यशवंत पाध्ये यांनीं जन्मास घातलेल्या या गृहस्थाचें वय आज शंभरांहून अधिक आहे. वडिलांच्या मागें रामदास पाध्ये यांनीं त्यांना बोलतें ठेवलें, आवडाबाई त्यांच्या जोडीला आहेतच, आणि तिसऱ्या पिढींतील सत्यजित पाध्येहि याच कलेंत आहेत. येथें निर्माता, धनी आणि वाचा तिन्ही एकाच घरांत नांदतात. म्हणून अर्धवटरावांचा आवाज आतां पूर्वींसारखा राहिला नाहीं असें कोणास वाटलें तरी त्याचा खटला होत नाहीं. शिवाय शब्दभ्रमकार बाहुल्याच्या शेजारींच बसतो. ओठ न हलवितां बोलणारा माणूस आणि ओठ हलविणारें लांकूड हीं दोन्ही प्रेक्षक एकाच वेळीं पाहतो, व टाळी दोघांना मिळून देतो.

कर्मिटच्या कलावंताचा मान याहून फार वेगळा. तो चित्रचौकटीच्या खालीं दडून हात उंच धरतो आणि समोरच्या लहान पडद्यावर आपलेंच काम पाहत तें साधतो. प्रेक्षकांना त्याचा विसर पडला म्हणजे त्याचें काम फत्ते झालें. यामुळें विचित्र प्रकार असा होतो, कीं ज्याला काढलें त्याचा चेहराहि त्याच्या बहुतेक चाहत्यांनीं पाहिलेला नसतो, आणि बाहुलें पुढच्या महिन्यांत पुन्हां हंसतमुखानें हजर! गेलेला माणूस आपली उणीव दाखवूं कशी शकणार? कर्मिटच्या तोंडांत यंत्र नाहीं. कापडाआड बोटें आवळलीं कीं त्याचा चेहरा कसनुसा होतो. सैल सोडलीं कीं तो भोळा दिसतो. म्हणजे त्याचा स्वभाव गळ्यापेक्षां मुठींत अधिक राहतो. पण मुठीची नक्कल कोणीं तपासली नाहीं. १९९३ च्या ‘झपाटलेला’ चित्रपटांतील तात्या विंचू या बाहुल्यास आवाज दिलीप प्रभावळकर यांचा व हातवारे रामदास पाध्ये यांचे होते. मराठी प्रेक्षकांनीं तो एकच दुष्ट जीव म्हणून विनातक्रार पत्करला. तेव्हां आवाज म्हणजेच पात्र, हें समीकरण मुळांतच कच्चें आहे.

मग खरा प्रश्न कोणता? ‘हा असें करणार नाहीं’ असें पात्राच्या वतीनें सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा. व्हिटमायर यांनीं स्वतःच सांगितलेला एक प्रसंग या दृष्टीनें फार बोलका आहे. २०१५ मध्यें सुरू होऊन पुढच्याच वर्षीं बंद पडलेल्या एका दूरचित्रवाणी मालिकेंत कर्मिट आणि मिस पिगी यांची ताटातूट झालेली होती. त्याविषयीं कर्मिटनें आपला लहानगा पुतण्या रॉबिन याच्याशीं खोटें बोलावें, असें संहितेंत आलें. व्हिटमायर यांनीं हरकत घेतली, कीं कर्मिट त्या पोराशीं खोटें बोलणार नाहीं. या हरकतींत आम्हांस हट्ट दिसत नाहीं. उत्तम समीक्षा दिसते. लेखक एका भागापुरता येतो, कंपनीचा अधिकारी एका पदापुरता; सव्वीस वर्षें ज्याच्या मुठींत तो बेडूक राहिला, त्याला त्याची नीति ठाऊक असणारच. ज्या कंपनीला असा माणूस अडचण वाटला, तिनें बाहुलें विकत घेतलें खरें, पण त्याच्याबरोबर काय आलें आहे हें ओळखलें नाहीं.

येथेंच थांबतां आलें असतें तर निकाल सोपा होता. परंतु हेन्सन यांच्या एका कन्येनें जो आक्षेप घेतला तो डोळ्यांआड करतां येत नाहीं: कर्मिटसाठीं बदली कलावंत तयार करण्यास व्हिटमायर यांचा कडवा विरोध होता, असें त्यांचें म्हणणें. हा एका पक्षाचा आरोप आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. तो खरा असेल तर मात्र त्यांची बाजू फार लंगडी पडते. ज्याला स्वतःला विद्या वारशानें मिळाली, त्यानें वारसच तयार होऊं नये असें म्हणावें, हें आपल्याकडील गायनाच्या घराण्यांतहि घडलेलें आहे, आणि त्यांत कित्येक चिजा बुडाल्या. याउलट तुळजापूरच्या गोंधळाकडे पाहावें. कदमराई गोंधळ्यांच्या घरीं पोर आधीं दिवटी धरतें, मग तुणतुणें, मग संबळ. मुख्य गोंधळ्याचा गळा चालूं आहे तोंवरच त्याच्या पाठीशीं दुसरा गळा तयार होत असतो. तेथें कोणी कोणाला काढीत नाहीं, कारण जागा रिकामी अशी होतच नाहीं. या व्यवस्थेंतहि जन्माचें बंधन आहे, बाहेरच्या गुणी मुलाला तींत वाव नाहीं, हें आम्ही जाणतों. तिची सरसकट भलावण करण्याचा हेतु नाहीं. पण शिकविणाऱ्याच्या देखत शिकणारा उभा राहतो, एवढी गोष्ट त्या अमेरिकन कुटुंबाला साधली असती, तर १९९० चें आणि २०१६ चें अशीं दोन्ही संकटें निम्मीं सौम्य झालीं असतीं. हेन्सन यांनींहि आपल्या हयातींत कर्मिट दुसऱ्याच्या हातीं रीतसर सोंपविला नव्हता. दोष एकट्या शिष्याचा नाहीं.

२०१७ पासून कर्मिट मॅट व्होगेल यांच्या हातावर आहे. तेहि त्याच मंडळींत वाढलेले, कसलेले कलावंत आहेत, आणि त्यांच्या आवाजाचें वजन करणारे अजून थकलेले नाहींत. आम्हांस मात्र त्यांच्याविषयीं एकच गोष्ट जाणून घ्यावीशी वाटते: रॉबिनशीं खोटें बोलण्याचा प्रसंग पुन्हां संहितेंत आला, तर ते बोट आवळून ‘नाहीं’ म्हणतील काय, आणि म्हटल्यास कंपनी तें ऐकून घेईल काय?