दुष्यंताची कोकिळा

‘शाकुंतला’चा पाचवा अंक मी किती वेळा वाचला, त्याची गणती नाही. आम्ही पडलो मॅट्रिक. संस्कृत शाळेपुरते, पुढचा सारा प्रवास मराठी भाषांतराच्या काठीवर. तरी त्या अंकातले एक बोलणे दर वेळी घशात अडकते. भर दरबारात गर्भवती शकुंतला उभी आहे आणि राजा वृद्ध गौतमीला ऐकवतो की, स्त्रीजात उपजतच धूर्त. कोकिळा नाहीत का आपली पिल्ले दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेत!

मेनकेने टाकलेल्या आणि कण्वांनी वाढविलेल्या मुलीला नेमका हाच टोमणा. महाभारतात तर पक्ष्यांनी राखली म्हणूनच ती शकुंतला. कालिदासाची ही धार मला मान्य आहे. माझी तक्रार राजाविषयी आहे. त्याने पक्षी नीट पाहिलाच नाही.

आमच्या शाळेच्या आवारातल्या लिंबावर कावळ्याचे घरटे असते, त्यामुळे हे नाटक आम्हांला फुकट दिसते. कुहू कुहू करतो तो नर. काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची. तिचे नुसते किक् किक्. आपण मात्र गाणाऱ्या बाईला कोकिळा म्हणून मोकळे! नर ओरडून कावळ्यांना अंगावर घेतो, ते पाठलागाला निघाले की मादी घरट्यात शिरून अंडे घालते, असे अभ्यासकांनी लिहून ठेवले आहे. अंडे कावळ्याच्या अंड्याहून लहान, रंगाने मिळतेजुळते. पिल्लूही कावळ्याच्या पिल्लांआधी बाहेर येते आणि घास पटकावते. (देवीची लस काढणाऱ्या जेन्नरने १७८८ साली विलायती कोकिळेच्या पिल्लाविषयी लिहिले, ते तर घरधन्याची पिल्लेच पाठीवर घेऊन बाहेर लोटते. आपले पिल्लू सहसा तितके पुढे जात नाही.) म्हणजे कपट दोघांचे, नाव एकटीचे.

आता सातवा अंक पाहा. सिंहाच्या छाव्याशी खेळणारा सर्वदमन मारीचाच्या आश्रमात वाढतो आहे. परक्या घरी वाढलेले हे पोर कोणाचे? टोमणा मारणाऱ्याचेच! दुर्वासाच्या शापाची सबब कवीने राजाला दिली आहे खरी. पण शापाने आठवण गेली, उपमा त्याने शिकविली नव्हती.

गेल्या साली दसऱ्यानंतर हेच वर्गात सांगत होतो. आमच्या बीड जिल्ह्यातून तेव्हा ऊसतोडीला कोयते निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कित्येक पोरे आजीजवळ राहतात. त्यांतली एक मुलगी उठली. “गुर्जी, मंग कोकिळा पिल्लाला बघायला येतच नाही का वो?”

मी अधिकारवाणीने सांगितले, “नाही.” ती खाली बसली.

पुढे एका पुस्तकात वाचले. कावळ्याच्या घरट्यातल्या आपल्या पिल्लाला घास भरविताना कोकिळेची मादी पाहिलेली आहे. नराची तशी नोंद नाही. दुसऱ्या दिवशी परिपाठ आटोपताच आधी त्या मुलीला हाक मारली आणि माझे कालचे उत्तर चुकले, असे साऱ्या वर्गापुढे सांगितले.

“मला ठावं होतं,” ती म्हणाली.