युद्धग्रस्त बालकांची साक्ष आणि संशोधकाची नैतिक जबाबदारी : सिएरा लिओनच्या संदर्भात

प्रस्तावना :
युद्धग्रस्त बालकांविषयीचे संशोधन बालकांच्या हिताचेच असते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे. 1947 च्या न्यूरेंबर्ग संहितेने स्वेच्छेची संमती अनिवार्य मानली. मात्र संमती देणारी व्यक्ती कायद्याने सक्षम असावी, अशी अटही घातली. या अटीत बालक बसत नाही. 1964 च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने पालकाच्या संमतीचा मार्ग खुला केला. परंतु युद्धात अनेक मुलांचे पालकच हरवलेले असतात. खरा पेच येथे निर्माण होतो.

विवेचन :
सिएरा लिओनमधील यादवी युद्ध 1991 ते 2002 या काळात चालले. हजारो मुलांना पळवून नेऊन लढाईस जुंपण्यात आले. ही मुले अत्याचाराची बळी होती, तशीच त्यांपैकी काही अत्याचारात सहभागीही होती. 1999 च्या लोमे करारातून सत्य व सलोखा आयोग आकारास आला. 2002 मध्ये विशेष न्यायालयही स्थापन झाले. आयोगापुढे सांगितलेले न्यायालयात पोहोचेल काय, ही भीती स्वाभाविक होती. बालकांची सुनावणी बंद दाराआड घेण्याचे धोरण आयोगाने स्वीकारले. अभियोक्त्यानेही बालकांवर खटले चालविणार नसल्याचे 2002 मध्ये जाहीर केले. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : गोपनीयतेचे आश्वासन केवळ सद्भावनेवर टिकत नाही; ते पाळण्याचा अधिकारही हाती असावा लागतो. जो शब्द पाळणे आपल्या हाती नाही तो बालकाला देणे ही फसवणूकच होय.

दुसरा प्रश्न नकाराचा आहे. धान्य देणारा आणि प्रश्न विचारणारा एकच असेल, तर उपाशी मूल 'नाही' कसे म्हणणार?

2004 मध्ये युनिसेफच्या सहकार्याने अहवालाची बालसुलभ आवृत्ती निघाली. तिच्या निर्मितीत मुलांचाही सहभाग होता. ज्यांच्याकडून घेतले त्यांना परत देण्याची ही भूमिका निश्चितच स्वागतार्ह आहे. तथापि युद्धामुळे ज्यांची शाळाच सुटली, त्यांच्यापर्यंत छापील पुस्तिका कितपत पोहोचणार, हा प्रश्न उरतोच.

निष्कर्ष :
1989 च्या बालहक्क संहितेचे कलम 12 बालकाला मत मांडण्याचा हक्क देते. या हक्कात मौनाचा हक्कही अंतर्भूत मानला पाहिजे. बालकाचे मौन ही माहितीतील उणीव नसून तो त्याचा निर्णय आहे, हे ज्या संशोधनाला मान्य नाही, ते कितीही शास्त्रशुद्ध असले तरी नैतिक ठरत नाही.