शुद्ध, अशुद्ध आणि गुण

पाचवी ते आठवीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिका आमचे टीकाकार वाचत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे. उद्याचा वाचक कसा घडणार, याची पहिली चाहूल तेथेच लागते. धडे-कवितांवरील प्रश्न मी येथे बाजूला ठेवतो. शुद्धलेखन, शब्दसंपत्ती आणि व्याकरण या तीन नावांखाली जी परीक्षा होते, तिच्यापुरतेच बोलतो.

शुद्धलेखनाच्या प्रश्नात एकाच शब्दाची चार रूपे देऊन अचूक रूप ओळखायला सांगतात. म्हणजे एका बरोबर रूपामागे तीन चुकीची रूपे मुलाच्या डोळ्यांत भरवायची! त्यातून 'कवी' शुद्ध, 'कवि' अशुद्ध. 'कविचरित्र' लिहिताना मात्र 'वि' ऱ्हस्व. हे संकेत शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या चौदा नियमांतले. १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांत 'कवि' आणि 'गुरु' सर्रास छापलेले दिसतात. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाप्रमाणेच छापावे, असे हे नियमच सांगतात. लेखन हा संकेत आहे व तो काळाबरोबर बदलतो, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते. प्रश्नपत्रिकेने मात्र त्या संकेताला सोवळे नेसवले. आपल्या समाजात 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्द कधीच केवळ अक्षरांपुरते राहिलेले नाहीत. घरी 'पानी' म्हणणारे मूल वर्गात 'अशुद्ध' हा शेरा ऐकते, तेव्हा तो त्याला आपल्या आईवरचा शेरा वाटतो.

संकेत नकोत, असे मी म्हणत नाही. प्रमाण लेखन सर्वांना यायलाच हवे. ज्याच्या घरात पुस्तक नाही त्याला तर अधिकच. पण ते अर्थाच्या हाताने शिकवावे. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. हे शब्द वाक्यात लिहायला लावले, तर ऱ्हस्व-दीर्घाला काही कारण आहे हे मुलाला उमगेल.

शब्दसंपत्तीची कथा याहून करुण आहे. पाण्याला समानार्थी शब्द विचारले की जल, नीर, उदक, तोय ही माळ तयार असते. तहान लागल्यावर यांतला एकही शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. उलट ओहोळ, झरा, डोह, डबके, पाट, पाणवठा हे शब्द खेड्यातले मूल अंगणातून घेऊन येते, आणि त्यांना गुण नसतात. डोह आणि डबके यांतला फरक सांगता येणे, ही खरी शब्दसंपत्ती. तो प्रश्न कुणी विचारत नाही.

व्याकरणात 'प्रयोग ओळखा' हा प्रश्न ठरलेला. उत्तर 'कर्मणी', गुण एक. पण मुलगी 'मी आंबा खाल्ला' म्हणते आणि मुलगा 'मी पोळी खाल्ली' म्हणतो. क्रियापद येथे खाणाऱ्याकडे न पाहता खाल्लेल्या वस्तूकडे पाहते. हे व्याकरण मूल शाळेत येण्यापूर्वीच बिनचूक वापरते. 'असे का?' एवढेच विचारले, तर आपल्याच बोलण्यात दडलेला नियम त्याला सापडेल. मोरो केशव दामले यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध केले, ते पूर्वसूरींशी वाद घालत, उदाहरणे तपाशीत. आम्ही त्या शास्त्रातली नावे ठेवली आणि वाद फेकून दिला.

असे प्रश्न तपासायला वेळ लागतो, आणि दोन परीक्षकांचे गुण जुळत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. पण मोजायला सोपे तेवढेच मोजायचे ठरले, तर मुलेही तेवढेच शिकतात. निम्मे गुण चार पर्यायांना खुशाल ठेवा. उरलेले निम्मे मुलाने स्वतः रचलेल्या पाच वाक्यांना द्या. त्या वाक्यांत चुका निघतीलच. पण त्या मुलाच्या स्वतःच्या असतील, आणि स्वतःची चूकच माणसाला सुधारता येते.