सुताराची हत्यारे आणि टिळकांचे आत्मस्वातंत्र्य

लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. पुण्यतिथीला आपण त्यांच्या राजकारणावर बोलतो. आज ‘गीतारहस्या’तल्या दोन प्रकरणांकडे पाहू. नववं अध्यात्माचं, दहावं कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्याचं. आमचा अनुभव असा की विद्यार्थी नवव्यातच थकतात आणि खरा पेच असलेलं दहावं राहूनच जातं.

पेच असा. आत्मा मोकळा, पण अकर्ता. बुद्धी आणि इंद्रियं करणारी, पण कर्माच्या साखळीत अडकलेली. मग स्वातंत्र्य नेमकं कुणाचं? टिळक सुताराचा दाखला देतात. सुतार कसबी असला तरी हत्याराशिवाय त्याचं चालत नाही आणि हत्यार वाईट असेल तर आधी ते नीट करण्यात वेळ जातो. आत्म्याची ओढ खरी, पण वाट देहबुद्धीतूनच काढायची. कांटनेही माणसाकडे असं दोन बाजूंनी पाहिलं. पण धार लावण्याचं हे रोजचं काम टिळकांनी जास्त ओळखलं, असं आम्हाला वाटतं.

आणखी एक. संचित, प्रारब्ध, क्रियमाण ही रूढ विभागणी त्यांना पटली नाही. ब्रह्मसूत्रांच्या आधारे त्यांनी दोनच भेद धरले: फळ द्यायला लागलेलं कर्म आणि न लागलेलं. आपल्या धाराशिवकडे पाऊस हुकला, सोयाबीन करपलं की बांधावरचा माणूस ‘प्रारब्ध’ म्हणून मोकळा होतो. टिळक त्याला एवढ्यावर सोडत नाहीत. ही त्यांची मोठी कामगिरी.

पण हत्यार बोथट केलं कुणी? कर्मविपाकाचं उत्तर ठरलेलं: त्याच सुताराच्या मागच्या कर्मानं. इथं आमचं टिळकांशी जमत नाही. हा ग्रंथ त्यांनी १९१०-११च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिला, तोही पेन्सिलीनं. सुटल्यावरही हस्तलिखित काही काळ सरकारकडेच अडकलं होतं. दुसऱ्याच्या हातात आपली हत्यारं असणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी दहाव्या प्रकरणात ते उतरलं नाही.

आईबापाबरोबर ऊसतोडीला जाऊन दोन वर्षं शाळा बुडालेला एक मुलगा आमच्या वर्गात होता. त्यानं विचारलं, “सर, माझं हत्यार मीच बोथट केलं का?” आम्ही त्याला अकरावं प्रकरण वाच म्हणालो. ते उत्तर नव्हतं, आणि त्यालाही ते कळलं होतं.