‘नेहमीसारखंच’ला शून्य

काही वर्षांपूर्वी एका पाहणीसाठी मी प्रश्नावल्या भरून घेत होते. कामाची जागा, नोकरीची शाश्वती आणि मनःस्वास्थ्य असा पाहणीचा विषय होता. माझ्या वाट्याला सुरक्षारक्षक आले होते : सोसायट्यांच्या दारांवरचे, एटीएमच्या काचेआडचे, रुग्णालयाच्या फाटकाशी उभे असलेले. त्यांत पन्नाशी ओलांडलेले एक काका होते. काळजीने झोप उडते का, असे विचारल्यावर ते म्हणाले, “नेहमीसारखंच, ताई.” मी ‘नेहमीपेक्षा जास्त नाही’ या चौकटीत खूण केली. सतत ताणाखाली असल्यासारखे वाटते का? “नेहमीचंच.” आणखी एक खूण. बारा प्रश्न संपले तेव्हा काकांची बेरीज शून्य होती, म्हणजे नियमाप्रमाणे ते ठणठणीत होते. उठता उठता मी सहज विचारले, काका, झोपता किती? “दिवसा दोन-तीन तास लागतो डोळा. सात वर्षं झाली.” ती सात वर्षे लिहायला माझ्या कागदावर जागा नव्हती, आणि तो शून्य मी तसाच जमा केला.

ही प्रश्नावली ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड गोल्डबर्ग यांची. ‘जनरल हेल्थ क्वेश्चनेअर’ या नावाने ती १९७२ साली आली. मूळ प्रश्न साठ, पुढे तीस आणि बारा प्रश्नांच्या छोट्या आवृत्त्या निघाल्या. बाराची आवृत्ती दहा मिनिटांत भरून होते, म्हणून ती जगभर फिरली. तिचे प्रश्न अलीकडच्या काही आठवड्यांबद्दल असतात आणि उत्तरे ‘नेहमी’च्या तुलनेत द्यायची असतात. त्रास नेहमीपेक्षा जास्त असेल तर एक गुण, नेहमीइतकाच असेल तर शून्य. गोल्डबर्ग यांच्यावर अन्याय नको. सामान्य डॉक्टरांकडे येणाऱ्या रुग्णांतून नव्याने उद्भवलेला त्रास हेरणे एवढाच त्यांचा हेतू होता. काल बरा असलेला माणूस आज बिघडला आहे का, हे ती नीट सांगते. जो काल, परवा आणि सात वर्षांपूर्वीही असाच होता, त्याच्याविषयी मात्र ती गप्प बसते.

हे व्यंग संशोधकांना ठाऊक नव्हते असे नाही. १९८५ मध्ये गुडचाइल्ड आणि डंकन-जोन्स यांनी गुण देण्याची वेगळी रीत सुचवली होती : त्रासाच्या प्रश्नांना ‘नेहमीइतकाच’ असे उत्तर आले तर तोही त्रासच धरावा. इतकी साधी दुरुस्ती! पण जुनी रीत सोयीची, आणि आधीच्या शेकडो अभ्यासांशी तुलना करायची तर तीच वापरावी लागते. तुलना जपण्यासाठी चूक जपायची, हा मोजमापाच्या शास्त्रांचा जुना आजार आहे.

या विषयावरचे ज्ञान ज्या अभ्यासावर मोठ्या प्रमाणात उभे आहे, तो लंडनचा व्हाइटहॉल अभ्यास. पहिला व्हाइटहॉल १९६७ मध्ये सुरू झाला आणि त्यात फक्त पुरुष सरकारी नोकर होते. मायकेल मार्मट यांनी त्यातून दाखवले की सगळ्यांत खालच्या श्रेणीतल्या नोकरांचा मृत्युदर सगळ्यांत वरच्या श्रेणीच्या जवळजवळ तिप्पट होता. यातले कुणी उपाशी नव्हते, बेकार नव्हते. सगळे छपराखाली काम करणारे. तरीही शिडीच्या प्रत्येक पायरीगणिक आयुष्य बदलत होते. दुसरा व्हाइटहॉल १९८५ मध्ये सुरू झाला. त्यात वीस खात्यांतले १०,३०८ स्त्रीपुरुष होते. आपल्या कामावर आपला किती ताबा आहे याचा हृदयविकाराशी संबंध आहे, हे त्यातून पुढे आले.

या दुसऱ्या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट योगायोगाने घडली. वीस खात्यांपैकी सरकारी इमारती सांभाळणारे एक खाते विकायला निघाले. त्याच्या खासगीकरणाची चर्चा सुरू झाली तेव्हा तिथल्या नोकरांच्या आरोग्याची आधीची नोंद संशोधकांच्या हाती होतीच. जेन फेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये या नोंदी ताडून पाहिल्या. खाते अजून विकलेले नव्हते, तरी इतर खात्यांच्या तुलनेत त्या नोकरांच्या, विशेषतः पुरुषांच्या, प्रकृतीच्या तक्रारी वाढल्या होत्या. नुसती कुणकुण अंगाला लागली होती. गिरणगावात वाढलेल्या कुणालाही हे पटायला कोष्टक लागणार नाही.

मग माझा आक्षेप काय? व्हाइटहॉलच्या नोकरांना एक ‘आधी’ होता. शाश्वती ही त्यांच्या आयुष्याची पार्श्वभूमी होती आणि तिला तडा गेला म्हणून तडा दिसला. फेरी यांनी पुढे २००२ मध्ये दीर्घकाळ टिकलेल्या असुरक्षिततेचाही शोध घेतला. त्यात सर्वाधिक तक्रारी अशा लोकांच्या होत्या ज्यांची असुरक्षितता संपतच नव्हती. ज्यांना शाश्वती परत मिळाली, त्यांच्या मनावरचा परिणामही पुरता पुसला गेला नव्हता. म्हणजे माणसाला सवय होते, हा मालकांचा आवडता सिद्धान्त या अभ्यासाने खोडला. हे मी मान्य करते, आणि ते माझ्या आक्षेपाला थोडे अडचणीचेही आहे : तिथे तर चिरकालीन त्रास दिसला! पण तिथली सर्व माणसे कधीतरी कायम नोकरीची चव घेतलेली होती. त्यांच्या ‘नेहमी’त ती चव होती. आमच्या काकांच्या ‘नेहमी’त अकरा महिन्यांचा करार, बदलत्या एजन्स्या आणि रात्रपाळी होती. एकाच पट्टीवर हे दोन ‘नेहमी’ कसे मोजायचे?

भाषांतराने गोंधळ आणखी वाढतो. ‘तुम्हाला नोकरीत असुरक्षित वाटते का?’ असा प्रश्न माझ्या कागदावर छापला होता. एका तरुण रक्षकाने हसून उत्तर दिले, “नाही हो मॅडम, चोरबीर कुणी येत नाही इकडं.” त्याचे काहीच चुकले नाही. सुरक्षा हा त्याचा धंदा. असुरक्षित म्हणजे चोराची भीती. आपल्याकडे याला साधा शब्द आहे, ‘पर्मनंट’. मुलगा पर्मनंट आहे का, हा प्रश्न लग्नाच्या बैठकीत पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. तो प्रश्न छापला असता तर उत्तर बरोबर आले असते. पण मग पुढची पंचाईत होती. ‘येत्या वर्षात नोकरी जाण्याची शक्यता किती?’ हे विचारण्यासाठी जाण्यासारखी नोकरी असावी लागते.

रॉबर्ट कॅरासेक यांच्या १९७९ च्या प्रसिद्ध प्रतिमानाचेही तेच होते. कामाचा रेटा आणि कामावरचा ताबा अशा दोन अक्षांवर ते चार खाने पाडते. रेटा जास्त, ताबा कमी, तो सर्वांत घातक खाना. रेटा मोजायचा तर विचारायचे, भरभर काम करावे लागते का, काम फार असते का? दारावर बसणाऱ्याला भरभर काहीच करायचे नसते. तो ‘निष्क्रिय’ कामाच्या खान्यात जातो आणि घातक खाना त्याच्याविना भरतो. बारा तास जागे राहणे, गाडी आली की उठणे, ज्याला अडवायचे त्यालाच सलाम करणे, हा रेटा त्या खान्यांत बसत नाही. नंदिनी गुप्तू यांनी २०१३ मधल्या आपल्या निबंधात भारतातल्या खासगी रक्षकांना ‘सर्व्हाइल सेंटिनल्स’ म्हटले आहे. मी त्याला मराठीत ‘लवून उभे राहणारे पहारेकरी’ म्हणेन. अधिकाराचा गणवेश आणि नोकराची अदब यांतली ओढाताण त्यांनी जितकी नेमकी पकडली, तितकी कोणत्याही गुणपट्टीने पकडलेली नाही.

असे का होते? पद्धतीचा प्रश्न आहे, बुद्धीचा नाही. १९३१-३२ मध्ये मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल हे तिघे व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या गावी सहकाऱ्यांसह गेले. कापडगिरणी बंद पडून ४७८ कुटुंबांच्या या गावातली बहुतेक कुटुंबे बेकार झाली होती. त्यांनी प्रश्न विचारलेच, पण रस्त्याकडे लपून पाहत लोक किती वेगाने चालतात, किती वेळा थबकतात हेही नोंदवले. पुरुष पुन्हापुन्हा थांबत. बायकांना घरची कामे होती, त्या थांबत नसत. ग्रंथालयातून किती पुस्तके नेली जातात हे मोजले. वर्गणी माफ केली होती आणि वेळ भरपूर होता, तरी वाचन घटले होते. कपडे वाटणे, डॉक्टरी तपासणी अशी कामे करत ते गावात वावरले. ‘तुम्हाला नेहमीपेक्षा उदास वाटते का’ या प्रश्नापेक्षा ग्रंथालयाची वही अधिक बोलली. त्यांचे पुस्तक १९३३ चे. नव्वद वर्षांत संगणक आले आणि आपण खिडकीतून पाहणे सोडून दिले.

आपल्या इथल्या आकड्यांची तऱ्हा वेगळी. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात १,६४,०३३ आत्महत्या आहेत आणि त्यांतल्या ४२,००४ रोजंदारीवर जगणाऱ्यांच्या. म्हणजे चारातला एक. दारावरचा रक्षक या कोष्टकात कुठे? खासगी पगारदार की रोजंदार, हे नोंद करणाऱ्या हवालदाराने त्याला काय समजले यावर ठरणार. आणि नोंद होते ती शेवटची. त्याआधीची सात वर्षे इथेही नाहीत.

खरे तर या प्रश्नासाठी मुंबईइतकी चांगली प्रयोगशाळा नाही. माथाडी कामगारांच्या १९६९ च्या कायद्याच्या धर्तीवर महाराष्ट्राने १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा केला. रक्षकाने मंडळाकडे नोंदणी करायची, वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी मंडळामार्फत, मालक बदलला तरी नोंदणी कायम. त्याच कायद्यात एजन्स्यांना सूट देण्याचे कलमही आहे. त्यामुळे एकाच रस्त्यावर एका फाटकाशी मंडळाचा रक्षक आणि समोरच्या फाटकाशी एजन्सीचा रक्षक असू शकतो. तेच ऊन, त्याच गाड्या, तोच सलाम. फरक शाश्वतीचा. व्हाइटहॉलला जे खाते विकले जाण्याची वाट पाहावी लागली, ते इथे समोरासमोर उभे आहे. मला ही तुलना झालेली हवी आहे, पण बारा प्रश्नांनी नव्हे. झोपेचे तास, शेवटची सुट्टी, गावाला शेवटचे कधी गेलात, मुलांच्या शाळेत कधी पाऊल ठेवले, हे विचारून. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावाच्या मौखिक इतिहासात (२००४) कामगारांना त्यांचा ‘आधी’ त्यांच्याच शब्दांत सांगू दिला. ती रीत इथे लागेल.

खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याखालच्या नमुना नियमांत रक्षकाची उंची १६० सेंटिमीटर हवी, छाती ८० हवी आणि ती चार सेंटिमीटर फुगायला हवी. नोकरीवर घेताना आपण एवढे बारकाईने मोजतो.

त्या पाहणीचा अहवाल पुढे निघाला. रक्षकांचे मनःस्वास्थ्य तुलनेने समाधानकारक असल्याचे त्यात एक वाक्य आहे. त्या वाक्यात माझ्या हातचे शून्य आहेत. मूळ कागद माझ्याकडे नाहीत, ते त्या संस्थेने ठेवले. असते तर पेन्सिलीने समासात काकांच्या नावापुढे लिहिले असते : सात वर्षे, दिवसा, दोन-तीन तास.