आरोपीच्या पिंजऱ्यातील बाई

अमरावतीत शिकलो, अकोल्यात शिकवतो. ‘स्त्री-पुरुष तुलना’ शिकवताना मी दरवेळी विजयालक्ष्मीपाशी अडखळतो. सुरतेच्या या ब्राह्मण विधवेला १८८१ साली बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य झाली. कोर्टाने गुन्हा पाहिला, वृत्तपत्रांनी बाईची चाल. आमच्या वऱ्हाडातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली पुरुषालाच पिंजऱ्यात उभे केले. जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली.

आपण मात्र विधवेपाशीच थांबतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मच गुन्हा ठरविला. त्या नोंदणीला खटला लागत नव्हता; म्हणून तिथल्या बाईची कैफियतही उरली नाही. ताराबाईंचा प्रश्न तिच्या पालापर्यंत नेल्याशिवाय आपली समीक्षा विद्रोही कशी म्हणावी?